एकमताची नोटीस

"कालच्या कुटुंबसभेत सर्व सज्ञान सदस्यांच्या उपस्थितीत एकमताने व उत्स्फूर्तपणे असे ठरले आहे की, तपासखोलीची जाचक पद्धत कायमची बंद करण्यात येत असून, यापुढे आपल्या काट्यांच्या खरेपणाची हमी म्हणजे संपूर्ण घराचा परस्परांवरील विश्वास हीच राहील."

ही नोटीस सोमवारी सकाळी भोंगा होण्याआधीच घरच्या तराजू-काट्यांच्या कारखान्याच्या दारावर चिकटवलेली होती. एवढ्या लहान वाक्यात इतक्या खोट्या गोष्टी दाटीवाटीने बसवणे हे कारागिरीचे काम आहे, आणि थोरल्या आत्यांना कारागिरीची कदर होती. त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

काल कुटुंबसभा झालेलीच नव्हती. काल त्यांच्या धाकट्या भावाचा वाढदिवस होता. घरात सज्ञान माणसे सतरा. त्यांतली अकरा हजर होती, आणि त्या अकरांतले एक म्हणजे आत्यांचे थोरले भाऊ दादा, केक कापण्यापूर्वीच खुर्चीत डुलक्या घेऊ लागले होते. स्वतः आत्या त्या वेळी तपासखोलीत औषधविक्रेत्यांसाठी केलेल्या चारशे काट्यांपैकी एकशे बाराव्यावर ओणवलेल्या होत्या. म्हणजे ज्या खोलीचा निकाल लागत होता, त्या खोलीत घरातले एकच माणूस काम करत होते आणि त्यालाच कुणी बोलावले नव्हते. एकमत म्हणावे, तर मत कुणी विचारलेच नव्हते. धाकट्याने भाषणाच्या शेवटी "काय, बरोबर ना?" असे म्हटले आणि टाळ्या पडल्या. एका हातात केकची बशी असताना माणसे टाळी कशी वाजवतात, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे. पण धाकट्यासमोर माणसे बशी खाली ठेवत.

राहता राहिली उत्स्फूर्तता. नोटिशीच्या उजव्या कोपऱ्यात छापखानेवाले बारीक अक्षरांत छपाईची तारीख घालतात. तारीख शनिवारची होती. घराला जे रविवारी आतून उमळून आले, ते आदल्या दिवशीच छापून तयार होते.

"आत्या, वाचलंत?" मागून आवाज आला. दादांचा मुलगा. काट्यांच्या पितळी दांड्या तोच ओततो, म्हणून घरात त्याला ओतारीच म्हणत.

"वाचलं. तू टाळी वाजवलीस का रे?"

ओताऱ्याने हाताला नसलेली राख झटकली. "सगळ्यांनीच वाजवली."

"मी सगळ्यांचं विचारलं नाही."

"वाजवली," तो म्हणाला, आणि मग एकदम त्याचा आवाज चढला. "का नाही वाजवायची? काका निदान बोलतात आमच्याशी. म्हणतात, ज्यांचे हात काळे होतात त्यांचं हे घर, खोलीत बसून फुल्या मारणाऱ्यांचं नाही. मागच्या महिन्यात माझा एक नग तुम्ही सहा वेळा परत पाठवलात. सहा!"

"खोटा होता म्हणून पाठवला."

"तेच! तेवढंच म्हणता तुम्ही!" म्हणून तो भट्टीकडे निघून गेला.

धाकट्याचे हात मात्र उभ्या आयुष्यात एकदाही काळे झाले नव्हते. तो कारखान्याचा विक्रेता. गावोगाव फिरायचा, इस्त्रीचे कपडे घालायचा, आणि दुकानदाराच्या मुलीच्या मुलाचे नावसुद्धा लक्षात ठेवायचा. तो उंबऱ्यात आला की घर उजळायचे, हे आत्यासुद्धा नाकारत नसत. पण गेल्या दोन वर्षांत त्याला एक शोध लागला होता. घरात 'खरे घर' आणि 'खोलीतली माणसे' असे दोन तट आहेत, हा तो शोध. खोलीतली माणसे म्हणजे एकट्या आत्या, पण अनेकवचनाने शत्रूला भारदस्तपणा येतो.

दादा गादीवर बसून वर्तमानपत्राची घडी घालत होते. कुटुंबप्रमुख तेच. त्यांचा बहिरेपणा मोठा समंजस होता: चहा झाल्याचे त्यांना तिसऱ्या खोलीतून ऐकू येई, भांडण पेटल्याचे शेजारूनही येत नसे.

"दादा, ही नोटीस तुमच्या सहीची आहे."

"हं? सही? असेल. धाकट्याने कागद पुढे केला. वाढदिवस होता गं त्याचा, नाही कसं म्हणायचं?"

"पंधरा दिवसांनी ते चारशे काटे गाडीत चढणार. त्यांतले अजून अडीचशेवर नग मी पाहिलेले नाहीत. औषधाचे काटे आहेत, दादा. भाजी तोलायचे नाहीत."

"ताई," दादा हळूच म्हणाले, आणि बहिरेपण क्षणभर बाजूला राहिले, "तो सगळ्यांना हवाय. मी त्याला अडवलं तर उद्या मीसुद्धा खोलीतला माणूस होईन."

हे वाक्य दादांच्या आयुष्यातले सर्वांत प्रामाणिक असावे. आत्यांना राग आला तो त्याचाच. दुष्टांची भीती त्यांना कधी वाटली नव्हती. भल्या माणसांची मान किती मऊ असते, याची मात्र आता वाटू लागली.

खिडकीशी दादांचे जावई बसले होते. ते प्राध्यापक. त्यांनी बोट वर केले. "आत्या, याकडे आपण दोन्ही बाजूंनी पाहिलं पाहिजे. एका अर्थी हा लोकेच्छेचा आविष्कार आहे. आता त्या इच्छेत तथ्य किती हा वेगळा मुद्दा, पण आविष्कार म्हणून—"

"जावईबापू," चहाचा ट्रे घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोन्ही बाजूंनी बघेपर्यंत बाजूच शिल्लक राहत नाहीत. चहा घ्या." वहिनी दादांच्या पत्नी, घरातल्या प्रत्येक सभेचे इतिवृत्त त्यांच्या अक्षरात होते. बोललेला शब्द जसाच्या तसा लिहायचा आणि बोलणाऱ्याची खाली सही घ्यायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. "वन्सं, कालचं काही माझ्या वहीत नाही. मला कुणी वही उघड म्हणालंच नाही."

"मग उघडा," आत्या म्हणाल्या. "मी पालट मागते."

प्राध्यापकांचा चहा बशीत सांडला.

तराजू खरा की खोटा हे एका तोलात कळत नाही. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल, आणि दांडी सरळ. पण दांडीचा एक हात केसभर लांब असेल, तर ही सरळताच खोटी असते. म्हणून वजन आणि माल यांची पारडी बदलून पुन्हा तोलायचे. तेव्हाही दांडी आडवी राहिली, तरच काटा खरा. याला कारखान्यात पालट म्हणतात. पणजोबांनी हीच रीत घरच्या भांडणांना लावली: कुणी पालट मागितला, तर दोन्ही पक्षांनी भर सभेत एकमेकांची बाजू मांडायची, आणि मगच सर्वांनी आपापले वजन टाकायचे. एकविसाव्या वर्षी घरातल्या प्रत्येकाला सारख्या भाराचे एक पितळी वजन मिळे. पडद्याआड मोठा तराजू असे. डावे पारडे की उजवे, हे ज्याचे त्याला ठाऊक; पडदा सरला की कुठले पारडे खाली गेले एवढेच दिसे.

शेवटचा पालट बावीस वर्षांपूर्वी झाला होता, गच्चीवर पत्रे घालायचे की कौले या वादात. दोन्ही पक्ष बोलता बोलता एकमेकांना इतके पटले, की पक्ष बदलून नव्याने भांडले, आणि गच्ची अजून उघडीच आहे.

धाकटा पालट नाकारील असे वाटत होते. त्याला तसे कारणही होते; त्याचे म्हणणे असे, की वजने टाकणे ही जुनी, थंड रीत झाली, माणसांचे मन टाळीतून कळते. पण आठवडाभर घरात पालटाशिवाय दुसरा विषय नव्हता. पोरीबाळी जिन्यात विचारू लागल्या, "काका, तुम्ही आत्यांची नक्कल करणार?" तेव्हा त्याचे डोळे लकाकले. भरलेले सभागृह आणि आपण न गेलेलो, हे त्याच्याने सोसणार नव्हते.

रविवारी दुपारी जोडणीशाळेत सतराच्या सतरा माणसे जमली. कामाची बाके भिंतीला लावून खोक्यांवर बसायची सोय केली होती. तेलाचा आणि घासलेल्या पितळेचा वास सुटला होता. वहिनींनी वही उघडली.

नोटीस त्याची, म्हणून आधी धाकट्याने स्वतःची बाजू स्वतःच मांडली, आणि ती नेहमीसारखीच झकास मांडली. "मला काही येत नाही," त्याने सुरुवात केली. "मी साधा माणूस. ताई हुशार. तिला केसाचा सुद्धा दहावा भाग दिसतो. पण तिला तुम्ही दिसता का? पोरं राबराब राबतात, आणि एक बंद दार त्यांना सांगतं, तुम्ही खोटे! अरे, हे घर खोटं आहे का?"

"नाही!" ओतारी ओरडला. त्याच्या मागे आणखी सात-आठ जण.

आत्यांच्या मनात आले: काटा खोटा म्हटले होते, घर नव्हे. पण दोहोंतला फरक समजावून सांगायला अर्धा तास लागला असता आणि तो बुजवायला धाकट्याला एक वाक्य पुरले होते. खोट्याचा खरा फायदा हाच. त्याला सामान कमी लागते.

"आता पालट," वहिनी म्हणाल्या. "वन्सं, तुम्ही भाऊजी."

आत्या उभ्या राहिल्या. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. तीस वर्षे त्या ज्यांच्याशी बोलल्या ते काटे उलट उत्तर देत नसत. "मी धाकटा," त्या म्हणाल्या, आणि सभा खदखदून हसली, कारण हे वाक्य त्यांनी रेशनच्या रांगेत उभे राहून नाव सांगावे तसे म्हटले होते.

"मी धाकटा. मी दुकानांतून फिरतो. लोक विचारतात, माल कधी? माझ्याकडे उत्तर नसतं, कारण माझ्या बहिणीने मला ते दिलेलं नसतं. ती नगावर खडूने फुली मारते आणि परत पाठवते. फुलीचा अर्थ काय? तिला माहीत." त्या थांबल्या. पुढचे वाक्य त्यांनी ठरवलेले नव्हते. "ओताऱ्याचा एक नग सहा वेळा परत गेला. सहा फुल्या. दांडी ज्या पात्यावर टेकते ते पातं डावीकडे कलंडलं होतं. हे सांगायला किती वेळ लागला असता? तेवढासुद्धा तिने दिला नाही. तिला वाटलं, आपण बरोबर आहोत ना, मग पुरे. बरोबर असलेल्या माणसाला ही मोठी चैन असते. आणि ज्याला कारण मिळत नाही, तो माणूस जिथे पाठीवर हात मिळतो तिथे जातो. मग तिथे कारण नसलं तरी त्याला चालतं."

त्या खाली बसल्या. एकही टाळी पडली नाही. ओतारी आपल्या तळहातांकडे पाहत राहिला होता. आपण धाकट्याची बाजू मांडली की आपलीच उलगडली, हे आत्यांना कळेना. कान मात्र तापले होते.

"भाऊजी, आता तुम्ही वन्सं."

धाकटा उठला. त्याने खुंटीवरचा आत्यांचा सुती अॅप्रन काढून कमरेला बांधला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, आणि एक खोके उचलून, डोळे बारीक करून, त्यावर हवेतच फुली मारली. हशाने पत्रे हादरले. आत्याही हसल्या; नक्कल अगदी बेतशीर होती. मग हशा ओसरण्याच्या नेमक्या क्षणी त्याने आवाज उतरवला.

"हसा," तो म्हणाला. "तीस वर्षं हसताय. त्या खोलीत हिवाळ्यात शेगडी नसते, ठाऊक आहे? ऊब लागली की पितळ फुगतं. म्हणून मी थंडीत बसते. कशासाठी? माझ्यासाठी? कुठल्या तरी गावात एक औषधवाला माझ्या काट्यावर पुडी तोलतो. पुडी जाते आजाऱ्याच्या उशाशी. काटा केसभर खोटा असला, तर औषधवाल्याला कळत नाही. डॉक्टरला कळत नाही. आजाऱ्याला कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो! या सगळ्या साखळीत ज्या एका बाईला आधी कळतं, तिच्या खोलीला तुम्ही कुलूप लावायला निघालात. आणि कुणाच्या सांगण्यावरून? जन्मात ज्याने एक काटा जोडला नाही, त्या माझ्या भावाच्या!"

"वा!" कुणीतरी म्हणाले.

"म्हणे विश्वास!" धाकट्याचे डोळे पाणावले. "विश्वासाने दांडी सरळ होते? अरे, सतरा माणसं रात्रंदिवस टाळ्या पिटत उभी राहिली, तरी खोटा काटा खऱ्याच्या दिशेने सुतभर हलत नाही!"

आणि त्याच माणसांनी टाळ्या पिटल्या. दादा उभे राहिले. प्राध्यापक दोन्ही बाजूंनी पाहायचे विसरले. ओताऱ्याने शिट्टी मारली. वाढदिवसाला पडल्या होत्या त्याच्या तिप्पट टाळ्या या होत्या, आणि धाकटा त्यांत उन्हात बसल्यासारखा बसला होता.

टाळी वाजवली नाही ती फक्त आत्यांनी. त्यांचे जन्माचे म्हणणे त्यांना स्वतःला कधी साधले नव्हते इतक्या चोखपणे कुणीतरी मांडले होते, आणि त्यांच्या अंगावर काटा आला होता. त्या भावाचा चेहरा पाहत होत्या, जसा त्या तराजू पाहत: आधी एका भारात, मग दुसऱ्या. घर खोटे आहे का म्हणून विचारताना डोळ्यांत जे पाणी होते, तेच आत्ताही होते. तितकेच. भार बदलला होता आणि दांडीला त्याचा पत्ता नव्हता. जो काटा काहीही ठेवले तरी सरळच राहतो, त्याला कारखान्यात खरा म्हणत नाहीत. त्याची दांडी अडकलेली असते.

वजने टाकायला वीस मिनिटे लागली. एकेक जण पडद्याआड जाई, पितळेवर पितळ ठेवल्याचा बारीक आवाज येई. पडदा सरला तेव्हा डावे पारडे जमिनीला टेकले होते. तपासखोली राहिली.

"एक अट," ओतारी उठून म्हणाला. त्याने आत्यांकडे पाहिले नाही. "फुलीखाली कारण लिहायचं. दोन ओळी."

"लिहीन," आत्या म्हणाल्या. "आणि पातं कसं बघायचं ते दाखवीन. उद्या लवकर ये. अडीचशेवर नग तसेच पडून आहेत, मला एकटीला पुरं होणार नाही."

"भोंग्याआधी येतो."

एवढ्यात धाकट्याने दोन्ही हात वर केले. अॅप्रन अजून कमरेलाच होता. "हा कुणा एकाचा विजय नाही!" तो गरजला. "हा खऱ्या घराचा विजय आहे!" आणि त्याच्या हरण्याच्या अभिनंदनासाठी माणसे त्याच्याभोवती गोळा झाली. पोरींनी त्याला खोक्यावर चढवले. दादा त्याच्या पाठीवर थापा मारत होते. कुणी नवा माणूस त्या क्षणी दारातून आत येता, तर तपासखोली कुणी वाचवली हे त्याला विचारावेच लागले नसते.

आत्या खिशातली किल्ली चाचपत जागीच बसून राहिल्या. वहिनींनी पेनाचे टोपण काढले आणि घोळक्यातून वाट काढत त्या खोक्यापाशी गेल्या.

"भाऊजी, सही हवी. पण त्याआधी एक सांगा. तुमची दोन भाषणं झाली. तुमचं स्वतःचं म्हणून कुठलं लिहू? पहिलं, की दुसरं?"

लोक हसले. धाकटाही हसला, आणि नेहमीप्रमाणे तोंड उघडले. पण या प्रश्नाला टाळी मिळेल असे उत्तर नव्हते, आणि त्याची सवय त्याला चारी बाजूंना पाहायला लावून रिकाम्या हाताने परत आली. तो खोक्यावरून खाली उतरला. त्याने अॅप्रन सोडला, त्याची घडी घातली. मग तो जे बोलला ते त्याच्या सहीसह वहीत आहे, आणि वहिनींनी त्यातला स्वल्पविरामही आपल्या पदरचा घातलेला नाही:

"दोन्ही लिहा, वहिनी. दोन्ही मला पटली होती. बोलत असताना मला सगळंच पटतं. काटा मला कळत नाही, तपासणी कळत नाही, त्या चारशेत खोटे नग किती निघाले हे मी अजून कुणाला विचारलेलंही नाही. मला एवढंच कळतं, की माणसं कुठल्या वाक्याला मान हलवतात. मग मी ते वाक्य जरा मोठ्याने पुन्हा म्हणतो, आणि त्यांना वाटतं मी त्यांचं ऐकतोय. मागच्या रविवारी त्यांना ताईची खोली नको होती, मी काढून दिली. आज हवी झाली, परत दिली. उद्या त्यांना तुमची ही वही नकोशी झाली, तर ती फाडा म्हणणारा पहिला मीच असेन, आणि वहिनी, तेव्हाही माझ्या डोळ्यांत पाणी असेल."